वीस तारखेच्या आत

१३ फेब्रुवारी
मु. घाट उतरल्यावरचं पहिलं गाव

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र नेहमीसारखं कागदावर लिहून त्याचा फोटो वहिनीच्या मोबाइलवर पाठवते आहे. फोनवर बोललेलं तुला ऐकू येत नाही आणि दोन ओळींच्या मेसेजला तू पत्र मानत नाहीस. वहिनीने फोटो मोठा करून द्यावा आणि तू वाचत असताना मध्ये बोलू नये.

दहा तारखेला ठरल्याप्रमाणे निघाले. त्यानंतर ठरल्याप्रमाणे काही झालेलं नाही. पठारावरून खाली उतरणारा रस्ता बर्फामुळे दोन दिवस बंद होता. पुढच्या ट्रकवाल्याने रस्त्यातच आरसा टांगून दाढी केली. मागच्या गाडीतल्या बाईने स्वेटरची एक अख्खी बाही विणून काढली. मी नोकरीचं पत्र पुन्हा वाचलं. ते आता पाठ आहे. वीस फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी नऊ वाजता कृत्रिम पाय बनवण्याच्या विभागात मुख्य तंत्रज्ञ म्हणून हजर व्हावे. त्याच दिवशी लांबलांबच्या गावांतून बारा माणसं मापं द्यायला येणार आहेत. ती तीन महिन्यांतून एकदाच येतात. मी पोचले नाही तर यादीतल्या दुसऱ्या नावाला बोलावतील. त्यात त्यांची काही चूक नाही. पण नऊ वर्षं या परक्या देशात दुसऱ्यांच्या हाताखाली प्लॅस्टर कालवल्यावर पहिल्यांदा माझ्या नावाने कुणी माप घ्यायला सांगितलं आहे. ते दुसऱ्या नावाला जावं असं मला वाटत नाही.

आता गाडीचं. काल पठार उतरले, ऊन लागलं, आणि तासाभरात तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. आवाज लिहून कळव असं तू म्हणशील, म्हणून लिहिते. आधी काहीच नाही. मग दूध उतू जायच्या आधी पातेलं करतं तसा बारीक सूंऽऽ आवाज. मग बॉनेटच्या फटीतून वाफ. अर्धा तास थांबून, पाणी घालून, हळूहळू या गावात आणली. आपल्या वडिलांच्या शिस्तीप्रमाणे गॅरेजच्या अलीकडे थांबून गाडीचे सगळे दागिने उतरवून ठेवले. पायपुसणी, सीटची कव्हरं, हत्यारांची पिशवी, आणि मागच्या थंडीत तू शिवून पाठवलेली रेडिएटरची गोधडीसुद्धा. गाडी गॅरेजला द्यायची म्हणजे लेकीला अनोळखी घरी पाठवायची, अंगावर काही ठेवू नये, हे त्यांचं वाक्य मी इथल्या भाषेत कुणाला समजावून सांगू शकलेले नाही.

गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट बदलला आणि गावाला दोन चकरा मारून आणल्या. काटा मध्यावरून हलला नाही. मी सगळं परत चढवलं आहे आणि आता निघते. अजून चौदाशे किलोमीटर आहेत. मागच्या सीटवर माझे साचे, कानशी आणि संसार. त्यातलं काही मागे टाकता येत नाही, म्हणून तर गाडीने निघाले. थर्मोस्टॅटच होता ना? तुझं मत कळव.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो या गाडीपेक्षा टिकाऊ निघावा.
तुझी,
ठमी


१३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. आवाजाचं वर्णन चांगलं केलं आहेस. डेपोत माझ्या हाताखाली असतीस तर तीन वर्षांत फिटर केली असती.

थर्मोस्टॅट असेल असं वाटत नाही. त्या माणसाला काहीतरी बदलायचं होतं, ते त्याने बदललं. माझं मत पाण्याच्या पंपाकडे जातं. जुना पंप सपाटीवर गावात दोन चकरा निभावून नेतो, लांबच्या पल्ल्याला हात वर करतो. पुन्हा तापली तर पुढच्या गावात पंप बदलून घे. पार्ट मागवावा लागला तरी थांब, घाई करू नकोस. गरम इंजिन हाकणं म्हणजे तापातल्या माणसाला पळवणं.

आणखी एक. तारखेपायी जिवावर उदार होऊ नकोस. नोकऱ्या येतात जातात. तिकडे आता तुझं असं घर उरलेलं नाही, हे तू लिहीत नाहीस, पण मला कळतं. इकडे तुझी खोली आहे. मागच्या आठवड्यात तिच्या खिडकीला तेल दिलं, आता करकरत नाही असं तुझी वहिनी सांगते. मला तर ती आधीही करकरताना ऐकू येत नव्हती.

रोज एक पत्र टाक. इथे सगळे माझ्याशी ओरडून बोलतात, दोन वाक्यांत थकतात आणि निघून जातात. तुझी चार पानं मला दिवसभर पुरतात.

आशीर्वाद, न मागता, नेहमीचे.
दादा


१६ फेब्रुवारी
मु. नदीच्या अलीकडचं गाव

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तीन दिवस पत्र नाही म्हणून रागावला असशील. कळवण्यासारखं होतं, पण सगळं एकाच जातीचं होतं.

तेराला दुपारी नव्वद किलोमीटर गेले आणि पुन्हा तोच सूंऽऽ. तुझ्या सांगण्यावरून पंप मागवला. तो पंधराच्या संध्याकाळी आला. तोवर एका पेट्रोल पंपामागच्या खोलीत राहिले. खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि भिंतीवर मागच्या वर्षाचं कॅलेंडर. मी त्याच्यावर उगाच या वर्षाच्या तारखा मोजत बसले. मालकीणबाई रोज सकाळी दारात येऊन विचारायची की आज जाणार का, आणि मी नाही म्हटलं की तिला इतकं बरं वाटायचं की मलाच संकोच व्हायचा. तिचा मुलगा दूर गेला आहे. तिने मला त्याचे शाळेतले सगळे फोटो दाखवले. त्याच्या दातांचा क्रम मला आता माहीत आहे.

दागिने उतरवले, पंप बसला, मेकॅनिकने अर्धा तास गाडी पळवून आणली, काटा मध्यावर. दागिने चढवले. आज सकाळी निघाले, आणि एकशे दहा किलोमीटरवर, दादा, पुन्हा वाफ. या वेळी मी रस्त्याच्या कडेला बसून थोडी रडले. मग एक गाय येऊन बघायला लागली, तेव्हा थांबले. रडताना कुणी बघत असलं की मला ते चालत नाही.

गाडी मेकॅनिकच्या हातात शहाण्यासारखी वागते आणि माझ्या हातात आली की अंगात आल्यासारखी करते. माझंच काही चुकतं आहे का? मी चालवते कशी, गिअर केव्हा बदलते, सगळं तपशिलात लिहू का? विचार, मी सांगते.

हॉस्पिटलच्या प्रमुख बाईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या की बारा जणांचं जाणं-येणं ठरलं आहे, त्यातले तिघे तर कालच निघाले, तारीख हलत नाही. गुरुवारी नऊपर्यंत माझी वाट पाहतील, पण बुधवारी दुपारी दुसऱ्या तंत्रज्ञाला तयार राहायला सांगून ठेवतील. त्यांनी हे लपवून न ठेवता सांगितलं, याचं मला बरं वाटलं.

अजून बाराशे किलोमीटर आणि मध्ये नदी. चार दिवस. गाडी ठीक असती तर दोन पुरले असते.

तुझं उत्तर आल्याशिवाय निघत नाही.
ठमी


१६ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पंपाने भागलं नाही म्हणजे हेड गॅस्केट. ते इंजिन उघडल्याशिवाय कळत नाही आणि उघडलं की आठवडा जातो. रस्त्यावरच्या गॅरेजात ते करू नये. माझा सल्ला असा की गाडी तिथेच कुणाला देऊन टाक, सामान पाठवण्याची व्यवस्था कर, आणि विमानाने घरी ये. प्रमुख बाईंना आत्ताच कळव, म्हणजे त्यांना दुसऱ्या माणसाची सोय करता येईल. तेही माणुसकीचंच आहे.

तुझं चालवण्यात काही चुकत नाही. ते मनात आणू नकोस.

जास्त लिहीत नाही.
दादा


१६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना माहीत नाही. त्यांच्या पत्राचा फोटो काढला, पाठवला, आणि मग माझं मला बसवेना.

मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ह्यांनी मला क्लच समजावून सांगितला होता, मी हो हो म्हटलं होतं, तेवढ्यावर सव्वीस वर्षं निघाली. पण माणूस कळतो. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा हे वाचता वाचता एकदम हसले. डेपोत कुणी सोपी चूक केली की हसायचे ना, तसे. म्हणाले, ही वेडी आहे. कागद घेतला, भराभर पाच ओळी लिहिल्या. मग थांबले. तुमच्या खोलीच्या, तेल दिलेल्या खिडकीकडे बराच वेळ बघत बसले. तो कागद घडी करून खिशात घातला आणि दुसरा घेतला. तुम्हाला आला तो दुसरा.

तेव्हापासून जेवण धड नाही. वर्तमानपत्राच्या कडेला तुमच्या गाडीचं नाक काढतात आणि खोडतात. आज मी मोठ्याने विचारलं की काय झालं. ऐकू आलं नाही म्हणाले. वन्सं, माझं ओठांवरचं बोलणं त्यांना सव्वीस वर्षांत कधी चुकलेलं नाही.

मी त्यांच्या खिशात हात घालणार नाही, तो माझा स्वभाव नाही. पण हेड गॅस्केटसाठी गाडी सोडू नका. आधी त्यांना सरळ विचारा, की तू मला लिहिलं नाहीस ते काय.

तुमचं येणं झालं तर मला आनंदच आहे. पण असं येऊ नका.
तुमची,
वहिनी


१७ फेब्रुवारी
मु. नदीच्या पलीकडे, तिठ्यावरचं गॅरेज

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीचं पत्र मिळालं. तुला विचारायचं म्हणून सकाळी कागद काढला होता, पण नदीवरच्या होडीची वेळ झाली. गाड्या नेणारी होडी दिवसातून दोनदा जाते. पहिली चुकली असती तर आजचा दिवस गेला असता. म्हणून न विचारताच गाडी चढवली.

पलीकडे उतरून चाळीस किलोमीटर झाले आणि काटा चढला. समोरच तिठ्यावर गॅरेज दिसलं. गाडी वाफाळत तशीच आत घातली. दागिने उतरवायला वेळच नव्हता.

इथली मेकॅनिक एक बाई आहे, माझ्याच वयाची, हाताला माझ्यासारख्याच कानशीच्या खुणा. तिने बॉनेट उघडलं. जाळीमागे बांधलेली तुझी गोधडी पाहिली, चारही नाड्यांच्या गाठी, जाड कॅनव्हास, आतला कापूस, सुबक टीप. मग तिने आत चहा पीत बसलेल्या दोन ड्रायव्हरांना हाक मारून बोलावलं आणि त्यांना दाखवलं. मला विचारलं की इथे बाळंतपण कुणाचं झालं आहे, एवढं गुंडाळून ठेवलंय ते. ड्रायव्हर खूप हसले. मीही हसले, कारण अजून कळलं नव्हतं.

तिने समजावलं, लहान मुलाला सांगतात तसं. पठारावर, बर्फात, गावातल्या गावात ही गोधडी हवीच. खाली उन्हात ती ठेवली तर इंजिनाला श्वास कुठून मिळणार? मग माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक गॅरेजच्या आधी मी ती काढत होते आणि प्रत्येक गॅरेजनंतर बांधत होते. दादा, आपल्या घरच्या गाडीच्या जाळीवरचं गोणपाट काढलेलं मी कधी पाहिलंच नाही. आपल्या डोंगरावरच्या गावात बाराही महिने थंडी. मला वाटायचं ते गाडीचाच भाग आहे, जसा हॉर्न.

त्या बाईने गाठी सोडता सोडता विचारलं की हे शिवलं कुणी. मी अभिमानाने सांगितलं, माझ्या भावाने, एकतीस वर्षं गाड्यांच्या डेपोत फोरमन होता, आणि तिकडून पत्रानेच मला गाडीचं सगळं सांगतो आहे. तिने माझ्याकडे पाहिलं. तिचं हसू थांबलं. ती पुन्हा गाठीकडे वळली.

ती हसायची थांबली तेव्हा मला कळलं.

मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, की गोधडी उतरवली आणि परत चढवली. तुला ते दिसलं नाही असं होणार नाही. तू माझ्या पत्रातला काना-मात्राही सोडत नाहीस.

गाडी आता ठीक आहे. मी निघते.
ठमी

ता. क. हे पाठवत असतानाच तुझं आजचं पत्र आलं. अजून उघडलेलं नाही. पुढच्या थांब्यावर वाचीन. आत्ता मला गाडी चालवायची आहे.


१७ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

हे मिळाल्याबरोबर खाली उतर आणि रेडिएटरवरची गोधडी काढून टाक. दुसरं काही करू नकोस. गाडीला काही झालेलं नाही. आता पुढचं वाच.

मला तेरा तारखेलाच कळलं होतं. पाच ओळी लिहूनही झाल्या होत्या. मग तुझ्या नोकरीच्या पत्राचा मजकूर पुन्हा वाचला आणि मनात आलं, की चार दिवस उशीर झाला तर ही घरी येईल. तो विचार आला आणि गेला असं लिहिणार होतो, पण तो गेला नाही. मी त्याला बसायला जागा दिली. पंप मी जाणूनबुजून सांगितला, कारण पार्ट यायला वेळ लागतो. गॅस्केटही तसंच.

एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही गाडी खोटं कारण सांगून अडवली गेली नव्हती. दोन माणसांना मी त्यासाठी कामावरून काढलं होतं. त्यांतल्या एकाला दोन लहान मुलं होती.

काल तू विचारलंस की तुझं काही चुकतं आहे का. गॅस्केट लिहून पाठवल्यावरही रात्रभर मी त्याच वाक्यापाशी अडकलो. इंजिन जळलं असतं, भर रस्त्यात तू एकटी असतीस, हेही आज सकाळी पहिल्यांदा नीट डोळ्यांसमोर आलं.

माफ कर असं लिहीत नाही. ते लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागेल. तू वेळेवर पोच.

तुझी वहिनी हे वाचूनच फोटो काढते आहे. तिला सगळं कळू दे.
दादा


२१ फेब्रुवारी
कृत्रिम पाय विभाग, जेवणाची सुट्टी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

एकोणीसला दुपारी चार वाजता पोचले. वाटेत एकदा पंक्चर झालं आणि एका पुलावर मेंढ्यांसाठी पाऊण तास थांबावं लागलं, ते सोडता सांगण्यासारखं काही नाही. काटा मध्यावर होता. मी तरी दर पाच मिनिटांनी बघत होते.

प्रमुख बाई दारातच भेटल्या. दुसरा तंत्रज्ञही आलेला होता, हातात आपली पेटी घेऊन. साधा, लाजरा माणूस. मला बघून त्याने पेटी खाली ठेवली आणि वाट कशी होती असं विचारलं. पंक्चर आणि मेंढ्या, एवढंच मी सांगितलं. बाईंनी त्याला दोन दिवस मदतीला ठेवून घेतलं आहे.

काल नऊला सुरुवात केली, सहाला संपलं. बारापैकी अकरा आले. एकाची बस बिघडली. मी त्याच्यासाठी पुढच्या आठवड्यात वेळ काढून ठेवला, कुणालाही न विचारता. मुख्य तंत्रज्ञाला तसं करता येतं.

तुझ्यावर राग आहे. तो लिहून संपवता येईल असं वाटलं होतं, दोन पत्रं लिहिली, फाडली. संपला नाही. त्याला त्याचा वेळ लागेल आणि तू घाई करू नयेस. वहिनीशी बोलले. ती म्हणाली की तू जेवतोस. ठीक आहे.

आता कामाचं, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला विचारता येत नाही. कालच्यांपैकी सातवा माणूस लहान ट्रक चालवायचा. डेपोत बाजाराच्या मालासाठी तुमच्याकडे होते तसला, जुना, जड क्लचचा. डावा पाय गुडघ्याखाली गेला आहे. याआधी त्याला दोन पाय बनवून मिळाले, दोन्ही चालायला उत्तम, पण क्लच दाबला की नडगीच्या टोकाशी कातडी फाटते. तो म्हणाला, बाई, मला चालायचं नाही, मला बसायचं आहे, माझ्या सीटवर. मी प्लॅस्टर लावत होते आणि माझ्या लक्षात आलं, की माणसाचा पाय मला पाठ आहे आणि क्लचबद्दल मी काहीच जाणत नाही.

त्या पेडलला किती जोर लागतो? पेडल किती खोल जातं? सगळीकडे सारखाच जोर लागतो की कुठे जास्त? ड्रायव्हर टाच टेकवून दाबतो की उचलून? दिवसातून साधारण किती वेळा? बुधवारी त्याच्या पायाचा साचा भरायचा आहे, त्याआधी कळव.

या वेळी जे माहीत असेल ते सगळं लिही.
ठमी


२४ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र शुक्रवारी मिळालं. उत्तराला तीन दिवस लागले, त्याचं कारण देतो. अंदाजाने लिहायचं नव्हतं.

शनिवारी डेपोत गेलो. तसला एकच ट्रक उरला आहे, कोपऱ्यात, भंगारात जायच्या वाटेवर. वॉचमनने ओळखलं, आत सोडलं. वजन करायचा लटकता काटा नेला होता, तो पेडलला बांधून ओढला. ओढणं आणि दाबणं एक नाही, हे घरी आल्यावर ध्यानात आलं. म्हणून रविवारी पुन्हा गेलो, न्हाणीघरातला वजनकाटा घेऊन. तो पेडल आणि पाय यांच्यामध्ये धरला. तुझी वहिनी खाली वाकून आकडा वाचत होती आणि बोटांनी दाखवत होती. वीस वेळा दाबलं.

पहिली दोन बोटं पेडल जवळजवळ फुकट जातं. मग एकदम जड होतं, तिथे अठरा ते बावीस किलो. तेवढी एक जागा ओलांडली की पुन्हा हलकं होतं, तळाशी बारा. एकूण खोली सव्वापाच इंच. त्याच्या पायाची कातडी त्या मधल्या जागेवर फाटत असणार, कारण माणूस तिथे घाबरून धक्का मारतो.

टाचेचं असं. चांगला ड्रायव्हर टाच टेकवतो आणि घोट्यातून दाबतो. नवा माणूस अख्खा पाय उचलतो आणि संध्याकाळी त्याची कंबर धरते. किती वेळा, ते रस्त्यावर आहे. मोकळ्या रस्त्याला तासाला तीसेक वेळा, बाजारातून गेला तर दोनशे.

हे मला माहीत आहे ते. हा ट्रक जुना आहे, त्याची स्प्रिंग थकलेली असेल. तुझ्या माणसाच्या गाडीत जोर दोन-तीन किलोंनी जास्तच धर. त्याहून नक्की मला सांगता येत नाही. त्याच्या गाडीपाशी जाऊन मोजता आलं तर तू स्वतः मोज, माझ्या आकड्यावर साचा भरू नकोस.

आणि हे मला माहीत नाही. तू बनवतेस त्या पायाचा घोटा वळतो का? वळत असेल तर किती? न वळणारा असेल तर पेडलच वर उचलून बसवावं लागेल. ते मी कागदावर काढून देऊ शकतो, तिथला कुठलाही लोहार करील. पण आधी घोट्याचं मला समजावून सांग. पहिल्यापासून सांग, मी या कामातला नाही.

पत्राची वाट बघतो. उशीर झाला तरी चालेल.
दादा